बोट का मंदावली? ओले एव्हिनरूड यांचा परिचय



मराठी पानावर तुम्ही आजवर सेनापतींची, शास्त्रज्ञांची, गिर्यारोहकांची चरित्रे वाचली आहेत. या वेळी ज्यांची ओळख करून देणार आहे, त्यांनी कधी गणवेश घातला नाही, कोणती पदवी मिळवली नाही आणि शाळाही जेमतेम तिसरीपर्यंत पाहिली. पण पुराच्या दिवसांत जवान बोटीतून माणसे बाहेर काढतात, तेव्हा त्या बोटीच्या मागे जे यंत्र गुरगुरत असते, ते सामान्य माणसाच्या हाती पोहोचवले ते यांनीच. त्यांचे नाव ओले एव्हिनरूड. यंत्राचे नाव आउटबोर्ड मोटर. सैन्यात आम्ही तिला ओबीएम म्हणतो.

माझी नोकरीची बरीच वर्षे इंजिनिअर शाखेत बोटी आणि ओबीएम सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे जयपूरला, विद्याधर नगरात राहायला आलो. नातू तुमच्यातलाच एक आहे. सुट्टीत त्याने मला विचारले की इंजिन चालू असते, आवाजही जोरात येतो, तरी बोट पळत नाही, असे का होते. त्याला उत्तर देताना एव्हिनरूड यांच्या आयुष्यातले प्रसंग आपोआप येत गेले. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहितो.

राजस्थानात बोटीचे काय काम, असे इथे पुष्कळ जण विचारतात. त्यांना मी जुलै १९८१ ची आठवण देतो. त्या महिन्यात जयपूरवर असा पाऊस कोसळला की एरवी कोरडे असणारे नाले नदीसारखे वाहू लागले आणि शहरात पूर आला. जिथे पूर क्वचित येतो तिथली मोटर वर्षानुवर्षे गोदामात पडून असते, आणि मग एका रात्रीत तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून राहतात. अशा मोटरची ताकद का गेली हे शोधायला त्या रात्री सवड नसते. ते ज्ञान आधीच अंगी असावे लागते.

आमची वसाहत ज्यांच्या नावाने आहे त्या विद्याधर भट्टाचार्यांचाही इथे उल्लेख करतो. ते बंगाली घराण्यातले, आमेरच्या दरबारात हिशेबाच्या कामावर होते. सवाई जयसिंगांनी १७२७ साली नवे शहर वसवायला घेतले, तेव्हा आखणीचे काम त्यांच्याकडे आले. चौकोनी चौकड्या आणि सरळ रस्ते यांचे ते शहर आज जगभर ओळखले जाते. हिशेबनीस माणूस नगररचनाकार झाला आणि शेतकऱ्याचा मुलगा यंत्रकार झाला. दोघांच्या कामात मोजमापाला पहिला मान होता. मंदावलेल्या बोटीची तपासणी करतानाही हीच सवय उपयोगी पडते.

शेतकऱ्याचा मुलगा

ओले यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वे देशात झाला. १८८२ साली हे कुटुंब अमेरिकेला गेले आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या केंब्रिज नावाच्या छोट्या गावाजवळ शेती करू लागले. जहाजावरच्या प्रवासात पाच वर्षांचा ओले सारखा नाहीसा व्हायचा आणि शोधल्यावर इंजिनाच्या खोलीतच सापडायचा, असे सांगतात.

शेतात मदत हवी म्हणून त्याची शाळा लवकर सुटली. गावाजवळ रिप्ली नावाचे तळे होते. त्या तळ्यासाठी त्याने चोरून एक शिडाची होडी बांधायला घेतली. वडिलांना हा वेळेचा अपव्यय वाटला आणि त्यांनी ती मोडून टाकली, अशी हकिकत आहे. मुलाने दुसरी बांधली. ती पाण्यात इतकी चांगली चालली की वडिलांचा विरोध मावळला.

सोळाव्या वर्षी ओले घर सोडून मॅडिसन शहरात गेला आणि शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत आणि शिकागोच्या यंत्रशाळांत त्याने काम केले. दिवसा हाताने काम आणि रात्री गणित व यंत्रशास्त्राची पुस्तके, असा त्याचा क्रम होता. शाळा सुटली तरी शिक्षण सुटले नव्हते. शेवटी तो मिलवॉकी शहरात आला आणि ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवण्यात वाकबगार झाला. यंत्राचा भाग धातूत ओतण्याआधी तो लाकडात अचूक घडवावा लागतो. नमुन्यात राहिलेली चूक पुढे प्रत्येक भागात उतरते. हे काम करणाऱ्याचे डोळे आपोआप तयार होतात.

त्या काळात पेट्रोल इंजिन नवे होते. ओले यांनी स्वतःची इंजिने बनवून विकण्यासाठी भागीदाऱ्या केल्या, त्या टिकल्या नाहीत. या धडपडीत त्यांना बेस केरी ही तरुणी भेटली. पत्रव्यवहार आणि हिशेब यात ती हुशार होती. १९०६ साली दोघांचे लग्न झाले.

वल्ह्यांपासून सुटका

आउटबोर्ड मोटरची कल्पना ओले यांना कशी सुचली, याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. एका कडक उन्हाळ्याच्या दिवशी ओले, बेस आणि मित्रमंडळी एका तळ्यावर सहलीला गेली होती. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ते दुकान तळ्याच्या पलीकडे. ओले वल्ही मारत गेले आणि वल्ही मारत परत आले. तोवर आइस्क्रीम वितळले होते आणि वल्हवणारा घामाने निथळत होता. होडीला मागे अडकवता येईल आणि काम झाले की काढून घरी नेता येईल, असे इंजिन का असू नये, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला तो त्या दिवशी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशी मोटर बनवणारे ते पहिले नव्हते. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन तरुणाने त्यांच्याआधी अशी मोटर बनवून विकायलाही सुरुवात केली होती. एव्हिनरूड यांचे श्रेय असे की त्यांची मोटर भरवशाची होती आणि ती मोठ्या प्रमाणावर लोकांपर्यंत पोहोचली.

त्यांची पहिली मोटर पाहून बेसला ती कॉफी दळण्याच्या यंत्रासारखी वाटली. १९०९ साली मिलवॉकीतल्या किनिकिनिक नदीवर तिची चाचणी झाली. एका मित्राला त्यांनी मोटर वापरायला दिली, तर तो परत आला तो दहा मोटरींची मागणी घेऊन. ती मोटर एका सिलिंडरची, दीड अश्वशक्तीची होती. वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. आणि किंमतही ६२ डॉलर. ओले कारखाना पाहत, तर बेस जाहिरात, पत्रे आणि पैसा सांभाळत असे. वल्ही फेकून द्या आणि मोटर लावा, अशा आशयाची तिची जाहिरात देशभर गाजली. नॉर्वे-डेन्मार्ककडच्या कोळ्यांकडूनही मागणी आली. भांडवल कमी पडू लागले, तेव्हा टगबोटींचा व्यवसाय असलेले ख्रिस मेयर भागीदार झाले.

ताकद कोणत्या वाटेने जाते

आता जरा यंत्राकडे पाहू. एव्हिनरूड यांनी जी रचना केली, ती मुळात आजही तशीच आहे. वरती इंजिन. त्याचा मुख्य दांडा उभा. त्याला जोडलेली लांब उभी शाफ्ट पाण्यात उतरते. खाली तिरक्या दातांचे दोन गिअर ती फिरकी काटकोनात वळवतात आणि पंखा फिरतो. पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून बोट पुढे जाते.

म्हणजे ताकदीची एक वाट आहे: टाकीतले पेट्रोल, ठिणगी, सिलिंडरमधला दाब, शाफ्ट, गिअर, पंखा, पाणी आणि शेवटी बोटीचा तळ. वेग गेला म्हणजे या वाटेत कुठेतरी गळती आहे. नवशिका मेकॅनिक थेट कार्ब्युरेटर उघडतो. जाणता मेकॅनिक आधी वाटेचे दोन भाग करतो आणि दोष कोणत्या भागात आहे ते ठरवतो.

हे ठरवणारा प्रश्न एकच. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा जास्त आहेत की कमी? फेरे मोजायला टॅकोमीटर असतो. नसेल तर सरावलेला कानही बराच अंदाज देतो. प्रत्येक मोटरच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला किती फेरे व्हावेत हे दिलेले असते. आजच्या अनेक फोर-स्ट्रोक मोटरींना मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे अपेक्षित असतात.

फेरे भरपूर आणि वेग कमी, असे असेल तर इंजिन आपले काम करते आहे. ताकद पंख्यापाशी वाया जाते आहे. पात्यांना दगड लागून ती वाकली असतील. पंख्यात पाणवनस्पती, जाळे किंवा प्लास्टिक अडकले असेल. मोटर फार उंच बसवली असेल, तर पंखा पाण्याबरोबर वरची हवाही ओढून घेतो आणि नुसताच भणभणतो. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत असावी, हा बसवणीचा ढोबळ नियम.

याच गटातला एक लबाड दोष आहे. पुष्कळ पंख्यांच्या मध्यभागी रबराचे बुश असते. पंखा दगडावर आपटला तर धक्का त्या रबराने सोसावा आणि गिअर वाचावेत, यासाठी ते असते. ते रबर झिजले की शाफ्ट फिरते, पण पंखा तितका फिरत नाही. हळू चालवताना सगळे ठीक वाटते, थ्रॉटल वाढवला की घसरते.

एका सराव शिबिरात अशी मोटर आली होती. दोन दिवसांत तिचा कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ झाला होता, नवे प्लग बसले होते, फरक शून्य. आमच्यातल्या एका जुन्या नाईकाने मोटर बंद करवली, चावी आणि सुरक्षेची दोरी काढून घेतली आणि पंख्याच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढली. मग बोट पाच मिनिटे पळवून आणली. रेघेचे दोन तुकडे झाले होते. आतला एकीकडे, बाहेरचा दुसरीकडे. रबर घसरत होते हे सगळ्यांना दिसले. पंखा बदलला आणि बोट पळाली. थोड्याशा रंगाने दोन दिवसांचा वाद मिटवला.

फेरे कमी आणि वेगही कमी, असे असेल तर दोन शक्यता राहतात. एक तर इंजिन अशक्त आहे, नाहीतर त्याच्यावर ओझे फार आहे. यांची फारकत करायला बोट रिकामी करून पुन्हा पळवावी. फेरे नेहमीइतके झाले तर ओझे दोषी. तरीही कमीच राहिले तर इंजिनाकडे वळावे. पंखा नुकताच बदलला असेल तर त्याचे माप पाहावे. पंख्याची पिच म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावरच्या हिशेबाने किती इंच पुढे सरकेल ते माप. पिच एक इंचाने वाढली की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने उतरतात. जास्त पिचचा पंखा म्हणजे चढावर वरच्या गिअरमध्ये सायकल चालवण्यासारखे आहे.

इंजिनातही सोप्यापासून अवघडाकडे जायचे. पहिले पेट्रोल. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते, मोटर काही मिनिटे उत्तम चालते आणि मग दम टाकते. नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे असे समजावे. धावत्या बोटीत सोबत्याने तो फुगा दाबत राहावे. वेग वाढला तर इंजिनाला पेट्रोल कमी पोहोचते आहे, हे सिद्ध झाले. मग नळीची मुडप, गाळणी आणि पंप पाहायचे. पेट्रोलमध्ये पाणी शिरले आहे का, ते किती महिन्यांचे आहे, हेही पाहायचे. गोदामात पडून राहिलेल्या मोटरीच्या कार्ब्युरेटरमध्ये जुने पेट्रोल चिकट होऊन बारीक भोके बुजवते.

दुसरी ठिणगी. दोन सिलिंडरच्या मोटरीचा एक सिलिंडर मेला तरी ती चालू राहते, फक्त अंगात बळ नसते. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवले तर एक कोरडा आणि एक पेट्रोलने ओला दिसतो. ओला असलेला बहुधा पेटत नाही. तिसरा सिलिंडरमधला दाब. तो मोजायचे साधे घड्याळ मिळते, आणि सगळ्या सिलिंडरांचा दाब जवळपास सारखा असावा. शिवाय दोन गोष्टी डोळ्यांनीच दिसतात. थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे का? इंजिन तापले तर अनेक नव्या मोटरी स्वतःच फेरे कमी करतात. आणि हातातला थ्रॉटल पूर्ण फिरवल्यावर तिकडे कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडते का? केबल सैल झाली असेल तर ती अर्धीच उघडते. ही शेवटची तपासणी मोटर बंद ठेवूनच करायची.

धंदा सोडला, माणूस जपला

पुन्हा चरित्राकडे येऊ. धंदा भरभराटीला आला, पण कामाच्या ताणाने बेसची प्रकृती ढासळली. १९१४ साली ओले यांनी आपला हिस्सा मेयर यांना विकून टाकला. पाच वर्षे या धंद्यात उतरणार नाही, असा करारही केला. स्वतःच्या नावाची कंपनी, तीही ऐन भरात असलेली, बायकोच्या तब्येतीसाठी सोडणे ही लहान गोष्ट नव्हती. ओले, बेस आणि लहानगा राल्फ मोटारीतून देशभर फिरले. बेस हळूहळू सावरली.

हात मोकळे होते, डोके मात्र कामात होते. आपल्या पहिल्या मोटरीची मर्यादा ओले यांना माहीत होती. ती लोखंडाची आणि जड होती. दीड अश्वशक्तीसाठी २८ किलो, म्हणजे एका अश्वशक्तीमागे सुमारे १९ किलो वजन वाहावे लागत होते. त्यांनी अॅल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरची नवी मोटर आखली. ती तीन अश्वशक्तीची आणि पन्नास पौंडांच्या आतली होती. म्हणजे ताकद दुप्पट आणि वजन उलट कमी. एका अश्वशक्तीमागे आता आठ किलोही उरले नाहीत.

ही रचना घेऊन ते आधी मेयर यांच्याकडे गेले. त्यांनी नकार दिला. मग ओले आणि बेस यांनी १९२१ साली एल्टो नावाची नवी कंपनी काढली. एव्हिनरूड यांची हलकी, दोन सिलिंडरची आउटबोर्ड मोटर, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे होती. स्वतःचेच नाव असलेल्या जुन्या कंपनीशी आता त्यांची स्पर्धा होती, आणि हलक्या मोटरीने बाजारात आपली जागा केली.

वजनाचा हिशेब

वजन हा विषय आम्हा बोटवाल्यांच्या फार जिव्हाळ्याचा आहे. इंजिनात काही दोष नसूनही बोट मंदावते, तेव्हा पुष्कळदा कारण वजनच असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तळात शंभर लिटर पाणी साचले तर दीड माणूस फुकट प्रवास करतो. फायबरच्या जुन्या बोटीत तळाच्या पोकळीतला फोम पाणी पितो. वरून बोट कोरडी दिसते, पण तिचे वजन वाढलेले असते. म्हणून बोट मोकळ्या वाळूवर घेऊन तिचे वजन कधीतरी करावे.

वजन कुठे आहे हेही महत्त्वाचे. वेगवान बोट ठरावीक वेगानंतर पाणी कापणे सोडून पाण्यावर चढते आणि घसरू लागते. सगळी माणसे मागे बसली तर नाक आकाशाकडे जाते, शेपटी रुतते आणि बोट त्या अवस्थेला पोहोचतच नाही. मोटरीचा कल चुकला तरी हेच होते. थ्रॉटल पूर्ण, आवाज मोठा आणि मागे नुसती लाटांची भिंत.

तळाचा खडबडीतपणाही वेग खातो. आपल्या कोकणातले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात, तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडतात, रंग लावतात आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात घालतात. त्यामागे लाकडाची निगा आहे आणि वेगाचाही विचार आहे.

आता वेग थोडा कमी झाला तर काय बिघडले, असे वाटेल. छात्रांनो, हा हिशेब वहीत मांडून पाहा. बोटीचा वेग ताशी २० किलोमीटर आणि समोरून येणारा पुराचा प्रवाह ताशी १० किलोमीटर. म्हणजे काठाच्या हिशेबाने बोट ताशी १० किलोमीटर पुढे जाते. बोटीचा वेग २० वरून १२ वर आला, म्हणजे चार-दशांश कमी झाला. पण प्रवाहाविरुद्ध आता ताशी फक्त २ किलोमीटर उरले. एक किलोमीटर वर असलेल्या घरापाशी सहा मिनिटांत पोहोचणारी बोट आता अर्धा तास घेईल. छपरावर उभ्या असलेल्या कुटुंबासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अनेकांचे प्राण गेले. त्या गर्दीत कोणाला मागे थांबा म्हणणे किती कठीण असेल, याची कल्पना करा. तरीही बोटीवरच्या माणसाला ते म्हणावेच लागते. बोट जड वाटते आहे, नाक उचलत नाही, थ्रॉटलला प्रतिसाद देत नाही, हा बोटीने दिलेला इशारा असतो. तो ओळखून वेळीच दोन फेऱ्या करण्याचा निर्णय घेणे हेही तपासणीचेच काम आहे.

अखेरची वर्षे

१९२९ साली एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि लॉकवूड ही तिसरी कंपनी एकत्र आल्या आणि ओले एव्हिनरूड त्या नव्या संस्थेचे अध्यक्ष झाले. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेले नाव असे त्यांच्याकडे परत आले. लगेच जगभर महामंदीचा काळ आला आणि सहलीच्या वस्तू घेणारे ग्राहक आटले, पण कंपनी टिकली. १९३३ साली बेस गेली. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी ओले यांचेही निधन झाले. मुलगा राल्फ याने काम पुढे नेले. १९३६ साली जॉन्सन ही दुसरी मोठी मोटर कंपनीही त्यांच्यात सामील झाली.

त्यांचे आयुष्य वाचताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. होडी मोडली तेव्हा त्यांनी दुसरी बांधली. भागीदाऱ्या फसल्या तेव्हा नवीन काम शोधले. यश मिळाल्यावरही पहिल्या मोटरीत काय कमी आहे, हे पाहायचे त्यांनी सोडले नाही. आपल्याच कामातला दोष शांतपणे शोधणे, रागावून हातोडी न उचलणे, हा गुण कारखान्यात लागतो तसा पलटणीतही लागतो.

तुमच्यापैकी जे पुढे नौदलात, इंजिनिअर शाखेत किंवा आपत्ती दलात जातील, त्यांनी काही सवयी आत्तापासून लावून घ्याव्यात. मोटर निरोगी असतानाच तिची नोंद करा: कोणती बोट, किती माणसे, कोणता पंखा, पूर्ण थ्रॉटलला किती फेरे, किती वेग. ही नोंद नसेल तर आज वेग कमी झाला की नाही, हेच ठरवता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बोट पळवून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर बोट सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तिथेच अडकता. पंख्याला हात लावण्याआधी मोटर बंद करून सुरक्षेची दोरी काढा. गोदामात ठेवण्याआधी कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपवा, आणि मोटर दर महिन्याला पाण्यात चालवून पाहा. पूर आला नाही तरी चालवा.

माझ्या नातवाने सुट्टी संपायच्या आत या तपासणीचा एक तक्ता वहीत काढला. सर्वांत वर त्याने फेऱ्यांचा प्रश्न लिहिला, मग दोन फांद्या काढल्या. शाळेच्या बोट क्लबमध्ये असा तक्ता लावता आला, तर आपल्या निदेशकांना विचारून अवश्य लावा. तो मोटरीच्या शेजारी, हाताशी असेल अशा जागी लावा, आणि सरावाच्या दिवशी त्यातली प्रत्येक पायरी एकदा करून पाहा.